बर्फाच्या भोकातून तंगूस : एका हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

23 नोव्हेंबर 2024, शनिवार. मिनिॲपोलिस

गेल्या हिवाळ्यात मिनेसोटात बर्फ इतका उशिरा आणि इतका पातळ धरला की मला मासेमारीला जेमतेम चार दिवस मिळाले, आणि त्यांतले दोन दिवस दोरीवरचा बर्फ नखाने खरवडण्यात गेले. यंदा तसे होऊ नये म्हणून हे लहानसे काम अंगावर घेतले आहे. वॉलआय या माशासाठी बर्फाच्या भोकातून सोडायला कोणती दोरी घ्यावी, हे हंगामभर स्वतः वापरून ठरवायचे आणि जे दिसेल ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे. मुदत कायद्यानेच घालून दिलेली आहे. राज्यातील अंतर्गत तळ्यांवरची वॉलआयची मासेमारी येत्या 23 फेब्रुवारीला बंद होते. बर्फावर एका माणसाला दोन दोऱ्या सोडण्याची परवानगी असल्यामुळे दोन प्रकार एकाच वेळी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील, ही मोठी सोय आहे.

शब्दांची अडचण सुरुवातीलाच मिटवतो. अलिबागकडे गरवायला जाताना आम्ही जी नायलॉनची पारदर्शक दोरी नेत असू तिला तंगूस म्हणतात, आणि त्या काळी दोरी म्हणजे तंगूसच, दुसरा प्रकार आम्हाला ठाऊकच नव्हता. येथे दुकानात तीन प्रकार मिळतात. एकपदरी नायलॉनला मी तंगूसच म्हणणार आहे. दुसरा फ्लुरोकार्बन, त्याचे नाव तसेच ठेवतो. तिसरी बारीक धाग्यांची विणलेली दोरी. तिचे इंग्रजी नाव देवनागरीत लिहिले की पाव डोळ्यांपुढे येतो, म्हणून या नोंदींत तिला वेणी म्हटले आहे.

30 नोव्हेंबर 2024, शनिवार

दुकानात दोरी मागितली की पहिला प्रश्न येतो तो किती पौंडांची, म्हणजे किती ताणापर्यंत न तुटणारी. या माशाच्या बाबतीत तो प्रश्न मला दुय्यम वाटतो. बर्फाखाली हाती लागणारा वॉलआय बहुधा एक ते तीन पौंडांचा असतो. राज्याचा विक्रमी मासा, 1979 साली सीगल नदीत मिळालेला, 17 पौंड 8 औंसांचा होता हे खरे. पण त्याच्या आशेने रोज जाड दोरी सोडून बसणे म्हणजे पाहुणा येईल म्हणून रोज पुरण घालण्यासारखे आहे. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणानंतर दोरी आपोआप सोडणारी चकती, नीट लावलेली असेल तर सहा पौंडांच्या दोरीवर याहून बराच मोठा मासाही सावकाश वर आणता येतो.

खरा फरक द्रव्याचा आहे. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, घन सेंटिमीटरला सुमारे 1.14 ग्रॅम, म्हणून तंगूस पाण्यात सावकाश बुडतो. तो थोडे पाणी शोषतो, त्यामुळे मऊ होतो आणि ओला असताना त्याची ताकद काहीशी घटते. फ्लुरोकार्बन म्हणजे पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड नावाचे प्लास्टिक. त्याची घनता 1.78, त्यामुळे तो भराभर खाली जातो, आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचे माप, 1.42 आहे, पाण्याचा 1.33 आणि नायलॉनचा साधारण 1.53. म्हणजे तो पाण्यात नायलॉनपेक्षा कमी उठून दिसतो; जाहिरातींत त्याला अदृश्य म्हणतात, ते या आकड्यांत बसत नाही. वेणी पॉलिइथिलीनच्या अतिबळकट धाग्यांची असते, घनता 0.97, म्हणून ती तरंगते, आणि ताणली तर जवळजवळ लांबत नाही. तिचा धागा पाणी पीत नाही, पण धाग्यांमधल्या फटी पितात. हिवाळ्यात हेच तिचे दुखणे ठरते.

तिन्ही प्रकार आणले आहेत. तंगूस सहा पौंडांचा, फ्लुरोकार्बन पाच आणि आठ पौंडांचा, वेणी दहा पौंडांची. वेणीचा आकडा मोठा असला तरी जाडीला ती सहा पौंडांच्या तंगुसाहून बारीकच आहे.

7 डिसेंबर 2024, शनिवार

तळे अजून चालण्याजोगे झालेले नाही, म्हणून घरीच तयारी केली. बर्फावरची रिळे मुठीत मावतील एवढी लहान असतात, आणि लहान रिळावर गुंडाळलेली दोरी थंडीत त्याच गोलाईत कडक होऊन बसते. त्याला मी वळ म्हणतो. चारही दोऱ्या एकसारख्या रिळांवर भरून दोन दिवस फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर ठेवल्या आणि मग गॅरेजमध्ये प्रत्येकीचे दोन मीटर सोडून टोकाला साडेतीन ग्रॅमचा चमचा, म्हणजे येथील नेहमीचे धातूचे चमकते आमिष, टांगून पाहिले.

आठ पौंडांचा फ्लुरोकार्बन जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखा वेटोळी घालून लोंबत राहिला. साडेतीन ग्रॅमला तो जुमानला नाही. पाच पौंडांचा त्याहून बरा. तंगुसाला नागमोडी वळ होता, पण दोन्ही हातांत धरून हळू ताणला की तो सरळ झाला आणि सरळ राहिला. वेणी ओळंब्यासारखी सरळ. हा वळ केवळ दिसायला वाईट असतो असे नाही. मासा आमिष हळूच तोंडात घेतो तेव्हा आधी ही वेटोळी सरळ होतात, आणि दांडीच्या टोकाला बातमी पोचेपर्यंत त्याने आमिष थुंकलेले असते.

वेणी भरताना एक चूक झाली. ती धातूच्या रिळावर थेट बांधली आणि ओढून पाहिली तर सगळी गुंडाळीच रिळाभोवती घसरू लागली. उलगडून आधी तंगुसाचे सात-आठ वेढे दिले आणि त्यावर वेणी जोडली. महागाची वेणी त्यामुळे कमी लागली, हा वरचा फायदा.

21 डिसेंबर 2024, शनिवार

पहिला दिवस, शहराजवळच्या एका लहान तळ्यावर. पायी जायला नवा, स्वच्छ, घट्ट बर्फ निदान चार इंच हवा असा येथील दंडक आहे. गिरमिटाने भोक पाडून पट्टीने मोजला तो साडेपाच भरला. तरीही दर पन्नास पावलांवर पुन्हा मोजत गेलो. हवा उणे 9 अंश, वारा बेताचा, खोली 22 फूट. एका दांडीवर तंगूस, दुसरीवर वेणी. दोन्हींच्या टोकाला सारखाच चमचा आणि गळाला मिनो माशाचे डोके.

दुपारभर काहीच घडले नाही. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळला आणि पुढच्या पाऊण तासात सगळा खेळ झाला. वॉलआयच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे संधिप्रकाशात त्याला भक्ष्यापेक्षा चांगले दिसते आणि विजेरी मारली की डोळा चमकतो. आमच्या खाडीतल्या जिताड्याचा डोळाही असाच अंधारात लालसर पेटतो. गालफडाची धारही दोघांची सारखीच बोट कापणारी. दोरी निवडताना हे नातेही लक्षात ठेवायला हवे, कारण दोरी माशाच्या दातांपेक्षा त्या धारेवर अधिक घासते.

वेणीवर मला अंगठ्याएवढ्या पर्च माशाचा स्पर्शसुद्धा कळत होता. पण आलेल्या दोन वॉलआयपैकी दोन्ही सुटले. 28 इंचांची आखूड दांडी, न लांबणारी दोरी आणि माझा जोरकस हिसका, या तिन्हींनी मिळून माशाच्या ओठातून गळ उपटून काढला असावा. तंगुसावर तीन चावे कळले, बहुधा आणखी दोन कळलेच नाहीत, पण कळलेल्या तीनपैकी दोन मासे वर आले. तंगुसाची लवचीकता हिसक्याची चूक पोटात घालते.

4 जानेवारी 2025, शनिवार. मिल लॅक्स

हे तळे सुमारे 1,32,000 एकरांचे आहे. मध्यावर उभे राहिले की पलीकडचा काठ दिसत नाही आणि आपण गोठलेल्या समुद्रावर आहोत असे वाटते. तंबू, प्रोपेनची शेगडी आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड साचला की वाजणारा भोंगा असा संसार घेऊन आलो. खोली 28 फूट, तळाला चिखल.

तंबूत हवा शून्याच्या वर असल्यामुळे वेणीवर बर्फ धरलाच नाही, आणि या खोलीवर तिचे गुण पुरेपूर दिसले. आखूड दांडीचे टोक चार इंच उचलले तर खाली चमचाही चार इंच उचलला जातो. तंगुसावर त्यातली काही हालचाल दोरीच्या ताणातच जिरते. ध्वनिलहरींनी तळ दाखवणाऱ्या यंत्राच्या तबकडीवर मासा तळापासून वर येताना दिसला की त्याला आमिषाच्या मागे आणखी वर खेचत न्यायचे असते, आणि त्यावेळी हाताची हालचाल जशीच्या तशी खाली पोचणे मोलाचे ठरते. हिसक्याऐवजी फक्त मनगट उचलले आणि ड्रॅग सैल ठेवला. चार चाव्यांत तीन मासे.

तंगुसाच्या दांडीवर वेगळाच त्रास झाला. नेहमीच्या घडणीच्या लहान रिळावरून दोरी सुटताना आणि भरताना तिला पीळ पडतो, आणि खाली जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, स्वतःभोवती गरगर फिरत राहते. फिरणाऱ्या आमिषाकडे वॉलआय येतो, थबकतो आणि निघून जातो. यंत्रावर हे तीन वेळा पाहिले. जिगच्या दोन वीत वर सर्वांत लहान आकाराची फिरकी, म्हणजे दोन्ही टोके स्वतंत्र फिरणारी कडी, बांधल्यावर गरगर थांबली. दोरी सरळ चाकासारखी भरणारे मोठ्या व्यासाचे रीळ घेतले तर वळ आणि पीळ दोन्ही कमी होतील. ते मागवले आहे.

19 जानेवारी 2025, रविवार. मिल लॅक्स

गाडीच्या तापमापकाने सकाळी उणे 22 दाखवले. आज तंबूत बसून राहायचे नाही, भोकाभोकाने फिरायचे, असे ठरवून वीस भोके पाडली. वेणीचा निकाल पंधरा मिनिटांत लागला. पाण्यातून वर आलेला तिचा प्रत्येक हात कुल्फीच्या काडीसारखा ताठ होत होता, दांडीच्या टोकाची कडी बर्फाने बुजत होती, आणि रिळावर गेलेले वेढे एकमेकांना चिकटून पुढच्या भोकात चमचा खाली जाईना. कडीला ओठांचे मलम लावून पाहिले. त्याने थोडा वेळ निभावले. टोक भोकातल्या पाण्यात बुडवले की बर्फ सुटतो, पण बाहेर काढताच नवा धरतो.

घाईत मी वेणीची दांडी शेगडीच्या जाळीजवळ धरली, आणि दोरी जाळीला टेकून तुटली. चूक निव्वळ माझी. नायलॉन 220 अंशांच्या पुढे वितळतो, फ्लुरोकार्बन 170च्या पुढे, पण वेणीचे पॉलिइथिलीन दीडशेच्या आतच वितळते. तापलेल्या जाळीला ते कुठून टिकणार? 30 डॉलरचा चमचा गेला असता तर वाईट वाटले असते, सुदैवाने तो साधा होता.

आज दोरीच्या निवडीकडे पाहण्याची माझी रीतच बदलली. इतके दिवस मी दोरी एक वस्तू धरून चाललो होतो, पण भोकातून सोडलेल्या दोरीचे तीन भाग होतात आणि तिन्हींचे हवामान वेगळे असते. तळाशी पाणी चार अंशांच्या जवळपास असते, कारण त्या तापमानाला पाणी सर्वांत जड होऊन खाली बसते. तेथे दोरी कधीच गोठत नाही, तेथे प्रश्न फक्त माशाला ती दिसते का एवढाच. मधल्या लांबीला प्रश्न ताणाचा. आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून रिळापर्यंतच्या तीन फुटांना प्रश्न बर्फाचा. तिन्ही भागांना एकच दोरी उत्तम ठरावी ही अपेक्षाच चुकीची होती.

दुपारी वेणी गुंडाळून ठेवली आणि तंगुसावर फिरलो. त्यावर थेंब गोठतात, पण चिमटीत धरून ओढले की मण्यांसारखे गळून पडतात. झाऱ्याने भोकातला चुरा काढण्यात निम्मा वेळ गेला, तरी दोन मासे मिळाले.

1 फेब्रुवारी 2025, शनिवार. मिल लॅक्स

लेक बरोबर आली होती. तंबू अंधारा करून ती बर्फावर पालथी पडून भोकात डोकावत होती.

“बाबा, तुझी दोरी मला खालपर्यंत दिसतेय. मासा काय आंधळा आहे?”

वेणी पिवळ्या रंगाची होती. मला दिसावी म्हणूनच ती घेतली होती. या तळ्यात 2005 साली झेब्रा शिंपले सापडले, आणि पाणी गाळून खाणाऱ्या या जिवांच्या प्रसारानंतर पाणी आणखी नितळ झाले आहे. म्हणून आज वेणीच्या टोकाला फिरकी आणि फिरकीखाली आठ पौंडांच्या फ्लुरोकार्बनचा तीन फुटांचा तुकडा बांधला. गॅरेजमध्ये ज्या आठ पौंडांच्या दोरीने वेटोळी घातली होती, तिचा एवढा आखूड तुकडा हाताने ताणून सरळ केला की काहीच तक्रार करत नाही. सगळे रीळ तिने भरणे आणि शेवटचा हात तिचा ठेवणे, यांत फार अंतर आहे.

शेजारच्या भोकात पाण्याखालचा कॅमेरा सोडून दोन तास पाहिले. नुसत्या वेणीच्या दांडीजवळ आलेल्या सहा माशांपैकी एकाने तोंड उघडले; तुकडा जोडलेल्या दांडीजवळ आलेल्या पाचांपैकी तिघांनी. इतक्या थोड्या माशांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि दोन्ही चमच्यांचा रंगही तंतोतंत एक नव्हता, पण माझी दांडी यापुढे तुकड्याशिवाय जाणार नाही. आठ पौंड हे जाडीसाठी निवडले आहेत, ताकदीसाठी नव्हे. गालफडाची धार, खडकावरचे शिंपले आणि भोकाची काचेसारखी कड, तिन्ही ठिकाणी घासणारा हाच भाग असतो.

चारच्या सुमारास नॉर्दर्न पाइक या तीक्ष्ण दातांच्या माशाने एक तुकडा कात्रीने कापावा तसा नेला. त्याच्या दातांना तारेचा लीडर, म्हणजे गळाच्या वरचा शेवटचा तुकडा, लागतो, पण तार लावली तर वॉलआय फिरकत नाही. पाइकला तेवढी खंडणी द्यायची, असे ठरवले.

8 फेब्रुवारी 2025, शनिवार. अपर रेड लेक

उत्तरेकडे साडेचार तासांचा प्रवास केला तो केवळ पाण्याच्या रंगासाठी. हे तळे उथळ आहे, आणि भोवतालच्या दलदलीतल्या कुजलेल्या झाडपाल्याने त्याचे पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसते. दहा फूट पाण्यात एका दांडीवर थेट तंगूस आणि दुसरीवर वेणी व तुकडा अशी जोडी दिवसभर ठेवली, आणि दोन्हींना सारखेच मासे लागले. येथे दोरी दिसण्या-न दिसण्याचा हिशेब गौण आहे. दहा फुटांत तंगुसाचा ताणही जाणवत नाही. या तळ्यापुरता माझा सगळा खटाटोप सहा पौंडांच्या साध्या तंगुसाने निकालात काढला.

15 फेब्रुवारी 2025, शनिवार. घरी

थंडीमुळे घरीच राहून गाठी तपासल्या. सामान तोलायच्या काट्याला दोरी बांधून तुटेपर्यंत ओढली. सहा पौंडांचा तंगूस पालोमार नावाच्या, दोरी दुपदरी करून मारायच्या गाठीवर पाच पौंडांच्या थोडा पुढे तुटला. फ्लुरोकार्बनची हीच गाठ कोरडी आवळली तेव्हा साडेचारच्या आत सुटली, ओली करून सावकाश आवळली तेव्हा सहाच्या पुढे गेली. कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने त्याचा पृष्ठभाग बिघडतो, हे नखालाही जाणवते. वेणी साध्या गाठीतून चक्क निसटते. तिला पालोमार किंवा दुहेरी वेढ्यांची गाठच हवी. बर्फावर हातमोजे काढून गाठ मारायची म्हणजे बोटांत तीस सेकंदांची धग उरते, म्हणून तुकडे फिरकीसकट घरीच बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून न्यायचे ठरवले. मामा अलिबागला जेटीवर जाताना तंगूस असाच पुठ्ठ्याच्या खाचांत गुंडाळून नेत असत.

22 फेब्रुवारी 2025, शनिवार. मिल लॅक्स

हंगामाचा माझा शेवटचा दिवस एका सहकाऱ्याच्या चाकांवरच्या मासेघरात गेला. तेथे भिंतीला खुळखुळ्याची रिळे लावलेली असतात. मासा ओढू लागला की रीळ वाजते आणि दोरी हातानेच खेचायची असते. त्यावर जाड डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्यांची, दोरी होती. ती बोट कापत नाही आणि ओल्या हातातून निसटत नाही. तिच्या पुढे फ्लुरोकार्बनचे पाच फूट आणि एक जिवंत मिनो. मासा आल्यावर तो दोरीतून थेट तर्जनीवर कळतो. दांडी, कड्या, ड्रॅग काही मध्ये नसते. जेटीवर मामा बोटावर तंगूस धरून डोळे मिटून बसत, ते मला या खोलीत बसल्यावर उमगले.

पुढच्या वर्षीची मांडणी आज कागदावर घेतली. बाहेर फिरण्याच्या दांडीवर सहा पौंडांचा तंगूस, मोठ्या व्यासाच्या नव्या रिळावर, नितळ पाण्यात फ्लुरोकार्बनचा तुकडा जोडून, गढूळ पाण्यात नुसता. तंबूतल्या दांडीवर दहा पौंडांची वेणी, फिरकी आणि आठ पौंडांचा तुकडा, हिसका न देता. फ्लुरोकार्बनने संपूर्ण रीळ भरायचे नाही. उणे दहाच्या खाली वेणी तंबूबाहेर न्यायची नाही.

24 फेब्रुवारी 2025, सोमवार

वापरलेला तंगूस रिळांवरून उतरवला, कारण ऊन आणि ओल खाल्लेला नायलॉन पुढच्या डिसेंबरात दगा देतो. दुकानाच्या दारात नायलॉन दोरी परत घेण्याची पेटी आहे, तिच्यात टाकला. फ्लुरोकार्बन आणि वेणी त्या पेटीत चालत नाहीत, म्हणून त्यांचे तुकडे पक्ष्यांच्या पायांत अडकू नयेत इतके बारीक कापून कचऱ्यात दिले. वेणीची गुंडाळी मात्र राखून ठेवली आहे. ती एका रिळावरून दुसऱ्यावर उलटी भरली की झिजलेले टोक तळाशी जाते आणि न वापरलेली बाजू वर येते. ते काम, दुसरे रीळ मोकळे झाले की, एप्रिलमध्ये.